सोंगट्या पक्क्या, क्यूब कच्चा : धरमपेठेतील बॅकगॅमन वर्ग

नागपुरात बुद्धिबळाच्या वर्गांची वानवा नाही आणि २०२५ साली नागपूरच्याच दिव्या देशमुख हिने बुद्धिबळातील महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर तशी वानवा यापुढेही भासेल असे वाटत नाही. बॅकगॅमन शिकवणारा वर्ग मात्र मला शोधूनही सापडत नव्हता. त्यामुळे शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावरील एका बोर्डगेम कॅफेने रविवारी सकाळी चार आठवड्यांचा प्राथमिक वर्ग जाहीर केला, तेव्हा भाचीला सोबत घेऊन मी नाव नोंदवले. मी स्वतः काही वर्षांपासून संगणकावर हा खेळ खेळतो आणि ब्रिज त्याहूनही अधिक काळ खेळत आलो आहे. भाची दहावीत आहे आणि बुद्धिबळाच्या स्पर्धांत भाग घेते. एकाच वर्गाकडे नवशिक्याच्या आणि थोड्या मुरलेल्या खेळाडूच्या अशा दोन्ही नजरांनी पाहता आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या वर्गाचे वेगळेपण असे की तेथे नियमांवर फारसा वेळ घालवला जात नाही. चोवीस घरांचा पट, प्रत्येकाच्या १५ सोंगट्या, दोन फासे, दोघांचा परस्परविरुद्ध दिशेने प्रवास, सगळ्या सोंगट्या स्वतःच्या शेवटच्या सहा घरांत आल्या की त्या पटाबाहेर काढायच्या आणि ज्याच्या आधी काढून होतील तो जिंकला, एवढे सांगून सर मोकळे होतात. उरलेला सगळा वेळ ते शिकवतात ती खेळाडूंची परिभाषा. सुरुवातीला काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, कारण मुलांना चाली शिकवण्याऐवजी शब्द काय शिकवता, असा त्यांचा रोख होता. परंतु हा क्रम मला पूर्णपणे पटला. बुद्धिबळात चांगला खेळाडू चारपाच चाली पुढचे मोजू शकतो; येथे प्रत्येक पाळीला २१ प्रकारची दाने संभवतात, त्यांतले प्रत्येक दान अनेक तऱ्हांनी खेळता येते, आणि त्यावर समोरच्याची पुन्हा २१ दाने उभी राहतात. इतके मोजणे माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून मुरलेला खेळाडू पटाकडे पाहताना मांडणी ओळखतो, तिला नाव देतो आणि त्या नावासोबत येणारा पूर्वीचा अनुभव वापरतो.

पहिल्या रविवारी ब्लॉट आणि पॉइंट हे दोन शब्द झाले. एखाद्या घरात एकटी असलेली सोंगटी म्हणजे ब्लॉट. तिच्यावर समोरच्याची सोंगटी येऊन पडली की ती मारली जाते, मधल्या बारवर जाते आणि तिला समोरच्याच्या शेवटच्या सहा घरांतून पुन्हा प्रवेश करावा लागतो. दोन किंवा अधिक सोंगट्या एका घरात आल्या की तो पॉइंट झाला. तेथे समोरच्याला उतरताच येत नाही. वर्गात महाल भागातून येणारे एक निवृत्त काका होते. लहानपणी त्यांनी घरी सारीपाट भरपूर खेळलेला होता. सर हे समजावत असतानाच ते म्हणाले, “म्हणजे आपला जुगच हा! जुग फुटला की सोंगटी मेली.” सरांनी तो शब्द तत्काळ उचलला आणि पुढे अख्खा महिना वर्गात “जुग फोडू नको बाप्पा” ही सूचना चालू राहिली. पत्रकावर छापलेले शब्द इंग्रजीच होते, पण तोंडी शिकवताना सरांनी सोंगटी, दान, घर, जुग यांना मोकळेपणाने जागा दिली, आणि मुलांना हे चटकन समजले. संस्कृतातून नवे प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

वर्गातला सर्वोत्तम भाग म्हणजे स्लॉट या शब्दावर घालवलेला तास. घरे सोंगट्या जेथून बाहेर निघतात त्या टोकापासून मोजतात. सुरुवातीच्या मांडणीत दोन-एक हे दान पडले, तर एक सोंगटी १३व्या घरातून ११व्यात आणि दुसरी सहाव्यातून पाचव्या घरात ठेवायची, असे सरांनी सांगितले. पाचव्या घरात ती एकटी पडते. एखादे महत्त्वाचे घर पुढल्या पाळीला पक्के करता यावे म्हणून तेथे मुद्दाम ब्लॉट ठेवणे म्हणजे स्लॉट. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना हे पचेना. “सर, हे तर मोहरा फुकट देणे झाले,” असे माझी भाची म्हणाली. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी फासे तिच्या हातात दिले आणि समोरच्याच्या मागच्या सोंगट्या पाचव्या घरावर कोणकोणत्या दानांनी येऊ शकतात, हे पटावर चालवून दाखवायला सांगितले. त्या सोंगट्या चार घरे मागे आहेत. कोणत्याही एका फाशावर चार असण्याची ३६ पैकी ११ दाने झाली, तीन-एक दोन तऱ्हांनी पडते म्हणून आणखी दोन, दोन-दोन हे एक, आणि एक-एक पडल्यास चार वेळा चालता येते म्हणून तेही एक, एकूण १५. म्हणजे ३६ पैकी २१ वेळा सोंगटी वाचते आणि पुढल्या पाळीला बहुतेक वेळा तिच्यावर दुसरी आणून जुग बांधता येतो. मग सरांनी उलट बाजू मांडली. पाचव्या घरात सोंगटी मेली, तर तिने केलेला २० घरांचा प्रवास वाया जातो. तीच सोंगटी २४व्या घरात मेली असती, तर नुकसान फक्त एका घराचे. ब्लॉट हा शब्द दोन्हींना एकच, पण एक ब्लॉट महाग आणि दुसरा जवळपास फुकट. हे पटावर हाताने फिरवून पाहिल्यानंतर मुलांचा उघड्या सोंगटीविषयीचा अनाठायी धाक गेला, आणि नवशिक्याच्या खेळात सुधारणा होण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी असते.

मारा किती शक्यतेचा, हे सांगणारे दोन शब्दही याच ओघात आले. सहा किंवा त्याहून कमी अंतरावरचा मारा डायरेक्ट शॉट, त्यापुढचा इनडायरेक्ट. सहा घरांवरच्या ब्लॉटला ३६ पैकी १७ दाने मारू शकतात, सात घरांवरच्या ब्लॉटला जेमतेम सहा. एक घर मागे राहण्याने धोका एक तृतीयांशावर येतो, हे ऐकून वर्गातले मोठेही चकित झाले. कॅफेने हा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला आहे, तो उपयोगी आहे. हरणाऱ्याला अचानक तारून नेणाऱ्या दानास जोकर म्हणतात, हे मात्र शिकवावे लागले नाही. पत्ते खेळणाऱ्यांच्या घरात तो शब्द आधीच होता.

अँकर आणि प्राइम यांवर वेळ थोडा कमी दिला गेला, तरी काम झाले. समोरच्याच्या शेवटच्या सहा घरांत आपण धरून ठेवलेला पॉइंट म्हणजे अँकर. तो असला की बारवर गेलेल्या सोंगटीला परत उतरण्याची हमखास जागा राहते. घरांची मोजणी प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूने करतो, म्हणून माझे २०वे घर हे समोरच्याचे पाचवे असते, दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी २५ येते, आणि त्या घरातला अँकर सर्वांत मोलाचा मानला जातो. प्राइम म्हणजे सलग पॉइंटांची भिंत. ती सहा घरांची झाली की कोणतेही दान तिला ओलांडू शकत नाही, सहा-सहासुद्धा नाही, कारण प्रत्येक फाशाची चाल कुठेतरी टेकावी लागते आणि टेकायला जागाच उरत नाही. पाच घरांच्या प्राइममधून सुटायचे तर तिच्या कडेला येऊन उभे राहावे लागते आणि मग सहाच पडावा लागतो. हा कडेचा मुद्दा सरांनी ओझरता सांगितला. तो अधिक खुलवायला हवा होता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी सरांनी खेळाचे प्रकार शिकवले, आणि येथे शब्दांपासून सुरुवात करण्याचा खरा फायदा दिसला. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की उरते ती शर्यत, म्हणजे रेस. तेथे पिप काउंट, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढण्यासाठी लागणाऱ्या घरांची बेरीज, याखेरीज कशालाच फारसे महत्त्व नसते. खेळाच्या आरंभी ती दोघांचीही १६७ असते आणि एक दान सरासरी आठाहून किंचित अधिक घरे चालवते. मागे पडलेला खेळाडू अँकर धरून माऱ्याची वाट पाहतो, तो होल्डिंग गेम. समोरच्याला श्वास घेऊ न देता त्याच्या सोंगट्या लागोपाठ मारत राहणे म्हणजे ब्लिट्झ. समोरच्याच्या शेवटच्या सहा घरांत दोन पॉइंट धरून अगदी शेवटपर्यंत दबा धरणे म्हणजे बॅकगेम, आणि नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण तो हरला तर पुष्कळदा दुप्पट गुणांनी हरतो. टायमिंग हा शब्द यांच्यातच येतो. बॅकगेम खेळणाऱ्याला वाट पाहत असताना दुसऱ्या सोंगट्या चालवाव्याच लागतात. मारा मिळण्याआधी त्या संपत आल्या, तर नाइलाजाने बांधलेली घरे मोडावी लागतात आणि पुढे मारा मिळूनही समोरच्याला अडवायला काही उरत नाही. सरांनी प्रत्येक टेबलावर तीच मांडणी लावून, एकदा भरपूर टायमिंग देऊन आणि एकदा ते काढून घेऊन खेळायला लावले. हा प्रयोग मी इतरत्र कुठे पाहिला नव्हता आणि त्यासाठी या वर्गाला पैकीच्या पैकी गुण देता येतील. तिसऱ्या रविवारी काका आपल्या फाशांना दोष देत असताना भाचीने त्यांना शांतपणे सांगितले, “काका, फासे नाही, टायमिंग गेलं तुमचं.” काकांनी पट पुन्हा निरखून पाहिला आणि ते मान्य केले.

तक्रार आहे ती चौथ्या रविवारविषयी. त्या दिवशी डबलिंग क्यूब शिकवायचा होता. २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ हे आकडे असलेला हा घन १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खेळात आला आणि त्याने खेळाचे स्वरूपच पालटले. आपली बाजू वरचढ वाटल्यास खेळाडू स्वतःची पाळी आल्यावर, फासे टाकण्यापूर्वी, डाव दुप्पट करण्याचा प्रस्ताव ठेवतो. समोरचा एक तर तो घेतो, म्हणजे टेक करतो, किंवा सोडतो, म्हणजे ड्रॉप करून आहे त्या किमतीला डाव हरतो. घेणाऱ्याकडे क्यूब जातो आणि पुढचा प्रस्ताव ठेवण्याचा हक्क फक्त त्याचा राहतो. क्यूबच्या निर्णयांत जाणते खेळाडूही बरेच गुण गमावतात आणि त्यांच्या तोंडचे बरेचसे शब्दही क्यूबभोवतीच फिरतात. अशा विषयाला अर्धी सकाळ मिळाली, कारण उरलेल्या अर्ध्या सकाळी कॅफेने प्रदर्शनी सामना आणि छायाचित्रांचा कार्यक्रम ठेवला होता.

त्या अर्ध्या सकाळीत आतापर्यंतची पद्धत सोडून शब्दांची यादी वाचून दाखवण्यात आली. डबल कधी घ्यावा, तर जिंकण्याची शक्यता २५ टक्के असेल तर, असे पत्रकावर आहे. एका मुलाने विचारले की पंचवीसच का, तर “तो नियमच आहे, पाठ करून ठेव,” असे उत्तर मिळाले. वास्तविक हे फळ्यावर दोन ओळींत मांडता येते. तशाच चार डावांत प्रत्येक वेळी सोडले, तर चार गुण जातात. चारही वेळा घेतले आणि त्यांतला एकच जिंकला, तर तीन डावांचे दुपटीने सहा गुण जातात, एका डावाचे दोन येतात, आणि निव्वळ तोटा चारच राहतो. म्हणून चारात एक, म्हणजे २५ टक्के, ही सीमा. प्रत्यक्षात घेणाऱ्याच्या हाती क्यूब येतो आणि तो पुढे त्याचा उपयोग करू शकतो, त्यामुळे ही सीमा आणखी थोडी खाली, सिद्धांततः २० टक्क्यांपर्यंत सरकते. स्लॉटचे १५ आणि २१ इतक्या निगुतीने मोजणाऱ्या सरांनी हे गणित टाळावे, याचे मला राहून राहून नवल वाटले.

मार्केट या कल्पनेचेही तेच झाले. प्रस्ताव फार उशिरा ठेवला, तर समोरचा तो घेतच नाही आणि एका गुणावर सुटतो. याला मार्केट गमावणे म्हणतात. आपले एक दान आणि समोरच्याचे एक दान, एवढ्यात आज घेण्याजोगा असलेला डाव उद्या सोडण्याजोगा होत असेल, तर ती जोडी मार्केट लूजर ठरते, आणि अशा जोड्या पुष्कळ असतील तर आत्ताच डबल करावे. हे शब्दांत अवघड वाटते, पटावर सोपे आहे. शर्यतीत तर आकड्यांनी दाखवता येते: माझे १०० पिप उरले असतील, तर समोरचा आठ टक्क्यांनी मागे असताना पहिला डबल द्यावा, क्यूब माझ्याकडेच असल्यास नऊ टक्क्यांना पुन्हा दुप्पट करावे, आणि समोरच्याने बारा टक्क्यांपर्यंत घ्यावे. मुलांना हा ठोकताळा नक्की आवडला असता. तो पत्रकावरही नाही.

पत्रकात एक ढोबळ चूकही आहे. जेकोबी नियम आणि क्रॉफर्ड नियम एकाखाली एक असे छापले आहेत की दोन्ही एकाच डावात लागू होतात असे वाटावे. डबल झालेच नसेल तर गॅमनचे, म्हणजे एकही सोंगटी बाहेर न निघता हरल्याचे, दुप्पट गुण धरायचे नाहीत, हा जेकोबी नियम सुट्या डावांसाठी आहे. सामना जिंकायला कोणाला एकच गुण हवा असेल, तर लगेचच्या पुढल्या डावात क्यूब वापरायचा नाही, हा क्रॉफर्ड नियम ठरावीक गुणांच्या सामन्यासाठी आहे. ऑस्वल्ड जेकोबी आणि जॉन क्रॉफर्ड हे दोघेही नामवंत ब्रिजपटू होते, ही माहिती मात्र आम्हा ब्रिजवाल्यांना सुखावणारी असूनही पत्रकात आली नाही. चूक मी सरांच्या लक्षात आणून दिली तेव्हा त्यांनी ती लगेच मान्य केली. नव्या छपाईत ती सुधारली जाईल, अशी अपेक्षा आहे. पैसे लावून खेळू न देण्याचे कॅफेचे धोरण योग्यच आहे, पण क्यूब शिकवण्यासाठी पैसे लागत नाहीत. पाच गुणांचा छोटा सामना लावला असता तरी टेक आणि ड्रॉप हे शब्द मुलांच्या अंगवळणी पडले असते.

शेवटच्या तासात सरांनी जीएनयू बॅकगॅमन हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवले आणि इक्विटी (एखाद्या मांडणीतून सरासरी मिळू शकणारे गुण), ब्लंडर (मोठी चूक), रोलआउट हे शब्द सांगितले. रोलआउट म्हणजे तीच मांडणी यंत्राने शेकडो वेळा पुढे खेळून सरासरी काढणे; १२९६ हा आकडा त्यात वारंवार दिसतो, कारण तो ३६ गुणिले ३६ आहे. या खेळात यंत्राने माणसाला फार आधी गाठले, हे थोडक्यात पण नेमके सांगितले गेले: १९७९ साली माँटे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रामने विश्वविजेत्या लुइजी व्हिला यांना ७-१ असे हरवले, आणि फाशांनी आपल्या प्रोग्रामला साथ दिली हे बर्लिनर यांनी स्वतःच कबूल केले. पुढे आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी तयार केलेला टीडी-गॅमन स्वतःशीच खेळून शिकला आणि त्याच्या खेळामुळे जाणत्यांनी चार-एक व पाच-एक या दानांवर स्लॉट करण्याची जुनी रीत जवळपास सोडून दिली. दोन-एकवर ती आजही तोलामोलाची मानली जाते. पहिल्या रविवारचे उदाहरण सरांनी विचारपूर्वक निवडले होते, हे मला तेव्हा कळले.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पट मोठे आहेत, सोंगट्या घरात नीट बसतात, फाशांचे पेले आतून कडेचे असल्यामुळे हातचलाखीला वाव राहत नाही. फासा सोंगटीवर तिरका टेकला तर दोन्ही फासे पुन्हा टाकायचे, हा शिरस्ता पहिल्या दिवसापासून कसोशीने पाळला गेला. अकरानंतर कॅफेची इतर गिऱ्हाइके येऊ लागतात आणि सरांचा आवाज मागच्या टेबलापर्यंत पोचत नाही, तेव्हा पुढे बसावे. कुलर आहे, पण तो एकाच कोपऱ्याला वारा घालतो. एप्रिल-मेच्या तुकडीत जाणाऱ्यांनी तो कोपरा आधी धरावा. शुल्कात कॉफी धरलेली आहे आणि ती चांगली असते.

ज्यांना हा खेळ शून्यापासून शिकायचा आहे, विशेषतः बुद्धिबळातून येणाऱ्या मुलांना, त्यांना मी हा वर्ग निःसंकोचपणे सुचवेन. नियम येत असून क्यूबसाठीच जाऊ पाहणाऱ्यांनी मात्र तूर्त थांबावे. कॅफेने पावसाळ्यानंतर केवळ क्यूबवर वेगळी तुकडी काढण्याचे बोलून दाखवले आहे. नाव नोंदवण्यापूर्वी तीत सामने खेळवणार की पुन्हा पत्रक वाचून दाखवणार, एवढे स्पष्ट विचारून घ्यावे. पहिल्या तीनच रविवारांचे शुल्क भरण्याची सोय जाहिरातीत दिलेली नाही, पण आमच्या तुकडीत मागणाऱ्यांना ती मिळाली होती.